कसब्यातला वाडा: बिल्डरला सही द्यावी की कौलं चाळावीत?

ओसरीकर (धागाकर्ता) | १९ एप्रिल, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही गळ्याशी आलंय म्हणून. लांबलाय, सांभाळून घ्या.

पुण्यात कसबा पेठेत आमचा वाडा आहे. वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हत्ती झुलायला लागतात. तसलं काही नाही. पुढचा चौक धड आहे, मागच्याचं नुसतं जोतं उरलंय. सागवानी खांब, महिरपी, वर कडीपाट. देवडीतला दरवाजा अजून लागतो, फक्त लावताना खालून उचलून धरावा लागतो. मालमत्ता पत्रकावर आज ११ नावं आहेत: काका, दोन आत्या, चुलत भावंडं. एक कॅनडात, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. भाडेकरू ५. सगळ्यात जास्त भाडं महिना ६५ रुपये.

गेल्या पावसाळ्यात मागच्या अंगाची भिंत बसली. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. त्यानंतर महापालिकेची कलम २६४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस आली आणि पाठोपाठ एक बिल्डर आला. मालकांना फ्लॅट, भाडेकरूंना फ्लॅट, पावसाळ्याआधी सह्या द्या म्हणतो. ११ पैकी ८ जण तयार आहेत. उरलेले तीन म्हणजे मी, धाकटी आत्या आणि तो बेपत्ता भाऊ.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे. काका म्हणतात, यादीत असल्याने आजवर एक विटही कोणी फुकट दिलेली नाही. खरंच आहे ते. मला विचारायचंय ते एवढंच, की माझ्यासारख्या नोकरदाराने असा वाडा सांभाळणं शक्य आहे का, की मी उगाच आठ जणांना अडवून धरलंय?

---

पेठी_अण्णा | २० एप्रिल, सकाळी ७:०५

पाडा. दाराशी सेल्फी काढायला येणाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून बघा आधी, मग कळेल वारसा कोणाला हवाय.

---

चुनखडी | २० एप्रिल, सकाळी १०:३०

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. न बघता सल्ला देऊ नये, पण दोन-तीन गोष्टी तुम्ही स्वतः तपासू शकता.

भिंत बसली म्हणजे वाडा गेला, असं नसतं. आपल्याकडच्या वाड्यांत भार बहुतेक लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. मधल्या भिंती पुष्कळदा नुसता भराव असतात. भराव ढासळला तरी सांगाडा उभा राहतो. म्हणून आधी खांबांचे पाय बघा. खांब जिथे तळखड्यावर (खालच्या दगडावर) टेकतो तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. ठणठणीत असेल तर आत जाणार नाही, कुजलं असेल तर लोण्यासारखा जाईल. वाळवीची मातीची नळी दिसते का, तेही पाहा. कुजलेला तेवढाच भाग कापून, खांब जॅकवर उचलून, खाली जुन्या सागाचा जोड देता येतो. त्यासाठी सगळं घर पाडावं लागत नाही.

मग पाणी शोधा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वाड्यांत रोग एकच: दोन छपरांमधली पन्हळ फुटलेली, नाहीतर मागाहून काढलेली मोरी. वर्षानुवर्षं तेच पाणी त्याच खांबाच्या पायाशी मुरतं.

तिसरं, मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर होतं का? माझी पैज आहे, होतं. माती-विटांच्या भिंतीत ओल येते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडूनही जाते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, भिंत आतून मऊ होते, आणि बाहेरून कसं छान गुळगुळीत दिसतं! मग एके दिवशी सगळं एकदम खाली.

नोटिशीसाठी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालं असेल तर ते कशावरून केलं तेही विचारा. काँक्रीटची ताकद मोजायचा हातोडा मातीच्या भिंतीवर मारून ‘धोकादायक’ लिहिलेले अहवाल मी पाहिलेत. तो हातोडा काँक्रीटसाठी आहे हो.

तिसऱ्या श्रेणीत बदलाला बरीच मोकळीक असते, पण जे कराल ते वारसा समितीकडून जायला हवं. सही देणं न देणं तुमचा प्रश्न. त्याआधी वाड्याची मोजणी करून नकाशे काढून ठेवा, एवढं मात्र कराच.

---

फक्त_वाचक | २० एप्रिल, सकाळी ११:१२

वरच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

---

ओसरीकर | २० एप्रिल, रात्री ९:५०

चुनखडी, पैज जिंकलात. १९८७ साली बाबांनीच हौसेने सिमेंट केलं होतं. तेव्हा शेजारी येऊन बघून गेले होते, ‘किती स्वच्छ झालं’ म्हणून.

---

खोली_नं_७ | २१ एप्रिल, रात्री १२:२०

ओसरीकर, राग मानू नका. मी तुमच्या वाड्यातला नाही, पण अशाच एका वाड्यातला भाडेकरू आहे, शुक्रवार पेठेत. तिसरी पिढी. आमचं भाडं ४० रुपये.

लोक हसतात, चाळीस रुपयांत पुण्यात राहतो म्हणून. हे भाडं मी ठरवलेलं नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि १९९९ चा कायदा आला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा दिली. चाळीसवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. मालक तेवढ्यासाठी पावती बदलत नाही, दुरुस्तीही करत नाही. कायदा म्हणतो, मालकाने केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि भाड्यातून वळती करावी. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आमचे झाले १२० रुपये. त्यात छपरावर घालायचा प्लास्टिकचा कागद येत नाही.

मुंबईत जुन्या इमारतींवर उपकर घेतात आणि त्यातून दुरुस्ती मंडळ काम करतं. कसं करतं ते सोडा, पण मंडळ आहे तरी. आमच्याकडे मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे, आणि वरून कौल पडतं.

आणि एक. माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला रात्री अडीच वाजता जिना उतरून, चौक ओलांडून संडासाला जावं लागतं. पावसात छत्री घेऊन. महिरपी तिनेही आयुष्यभर पाहिल्या, तिला आवडतात. पण तिला फ्लॅट हवाय आणि मी तिला चूक म्हणू शकत नाही.

तुम्ही वाडा ठेवलात तर आधी आतून संडास काढा. मग खांबांचं बघा.

---

एडिसनकर | २१ एप्रिल, सकाळी ६:१५

डोळ्यांत पाणी आलं धागा वाचून. आमच्या सदाशिवातल्या वाड्याची आठवण झाली, चौकातलं तुळशी वृंदावन, उन्हाळ्यात ओसरीवर पसरलेले सांडगे... कृपया पाडू नका हो! इथे अमेरिकेत शंभर वर्षांचं घर असलं तरी दारावर पाटी लावतात.

---

पेठी_अण्णा | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

तुमच्या सदाशिवातल्या वाड्याचं काय झालं मग?

---

एडिसनकर | २१ एप्रिल, सकाळी ७:५२

२००४ साली पाडला. आमचा फ्लॅट भाड्याने दिलाय.

---

सुधाताई_शनिवार | २१ एप्रिल, दुपारी ४:४०

चुनखडी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. १२ जुलै १९६१, बुधवार. आमचं घर शनिवार पेठेत नदीच्या अंगाला. आम्ही पर्वतीकडच्या नातेवाइकांकडे पळालो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर भिंती चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या बसल्या होत्या. पांढऱ्या मातीच्याच ना त्या. पण खांब आणि तुळया जागच्या जागी! घराचा नुसता सापळा, त्यातून आरपार नदी दिसत होती. माझ्या वडिलांनी त्याच सापळ्यात पुन्हा विटा भरून घेतल्या. शेजारच्या बहुतेकांनी मात्र पडलेलं उचलून टाकलं आणि चाळवजा इमारती बांधल्या. नदीकाठच्या पेठांत आज वाडे कमी दिसतात त्याचं अर्धं कारण ते पाणी आहे. सगळं काही बिल्डरांच्या माथी मारू नका.

---

ऐंशी_मीटर | २२ एप्रिल, सकाळी ९:००

तुम्हाला निदान सही करायची की नाही हा प्रश्न तरी आहे. आमचं घर शनिवारवाड्याच्या तटापासून ८० मीटरवर. केंद्राच्या स्मारक कायद्यात २०१० साली बदल झाल्यानंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. १०० मीटरच्या आत दुरुस्तीला परवानगी मिळते, पण आमच्या घरात दुरुस्त करण्याजोगं उरलंय काय? पाडलं तर पुन्हा बांधता येत नाही, म्हणून पाडत नाही. पडलं तर रस्त्यावर. बिल्डर आमच्या गल्लीत फिरकतही नाहीत.

गंमत बघा. ज्या वाड्यासाठी हे सगळं, तो आत आहे किती? १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली ती सात दिवस जळत होती म्हणतात. तट, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना, बाकी जोती आणि कारंजी. त्या जोत्यांच्या रक्षणासाठी आजूबाजूचे उभे वाडे जोती होऊ घातलेत.

ओसरीकर, तुमचा वाडा किती मीटरवर आहे ते आधी टेप लावून बघा. ३०० च्या आत असाल तर बिल्डरच्या त्या तारखा विसरा.

---

ओसरीकर | २२ एप्रिल, रात्री ८:१५

नकाशावर मोजलं. सुमारे २६०. बिल्डरने हे सांगितलंच नव्हतं. धन्यवाद, हा प्रतिसाद काकांना छापून देतोय.

---

तळ्याकाठचा | २३ एप्रिल, दुपारी १:१०

थोडं कडू बोलतो. ‘वाडा वाचवा’ म्हणताना नक्की कोणाचा वारसा वाचवतोय आपण? माझी पणजी अशा वाड्यांच्या मागच्या दाराशी यायची. देवडीच्या आत तिचं पाऊल पडलं नसतं. सुंदर कोरीव खांब पाहताना मला ते आठवतं, आठवायलाच हवं.

याच शहरात बुधवार पेठेतला भिडे वाडा होता. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती जागा. दगडूशेठच्या दर्शनाला येणारे लाखो लोक समोरून गेले. दुकानांच्या पाट्यांमागे वाडा खचत राहिला, वर्षानुवर्षं दावा चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पाडून जागा ताब्यात घेतली. आता तिथे स्मारक होणार. स्मारक हवंच. पण ज्या भिंतींत तो वर्ग भरला त्या भिंती गेल्या. पेशव्यांचा विश्रामबागवाडा सांभाळायला पैसे आणि माणसं मिळतात, हाच फरक.

---

कात्रज_नळ | २३ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

तळ्याकाठचा, मुद्दा मान्य, एक पुरवणी. गंज पेठेतला फुले वाडा जपला गेलाय, आणि नीट जपला गेलाय. १८६८ साली जोतिरावांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला तो पाण्याचा साठा त्याच आवारातला. तिथे उभं राहिलं की जे कळतं ते पुतळ्यापुढे कळत नाही. साधं, बुटकं घर आहे. कोरीव काम नाही, पण ते जायला नको होतं आणि गेलं नाही.

विश्रामबागेबद्दल मात्र थोडं वेगळं. १८७९ च्या आगीत त्याचाही बराच भाग जळाला होता, बुधवारवाडा तर साफच गेला. पुढे डागडुजी झाली. मग त्यात शाळा, कचेऱ्या, टपाल कार्यालय, काय काय राहिलं. माझ्या मते तो टिकला त्याचं कारण पेशव्यांचा होता हे नाही. कोणीतरी रोज तिथे कुलूप उघडत होतं, हे आहे. (रस्त्याच्या बाजूचे सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब कधी थांबून बघितलेत का? नसतील तर उद्याच जा.)

अवांतर: ओसरीकर, तुमच्या वाड्यात हौद किंवा जमिनीतून वर आलेला दगडी मनोऱ्यासारखा भाग आहे का? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळावर असे उच्छ्वास बांधलेत. अजून काही ठिकाणी सापडतात. लोक त्यांना तुळशी वृंदावन समजून शेंदूर लावतात.

---

पेठी_अण्णा | २३ एप्रिल, रात्री ९:१०

वारसा म्हणजे नक्की काय, जागा की लाकूड? लालमहाल १९८८ साली नव्याने बांधला. जागा खरी, बांधकाम नवं. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून केळकर संग्रहालयात लावला. लाकूड खरं, जागा परकी. दोन्हीकडे शाळेच्या सहली जातात. मुलांना काही फरक पडत नाही.

---

चुनखडी | २३ एप्रिल, रात्री १०:४५

अण्णा, मुलांना फरक पडतो. एकदा मुलांना कामावर घेऊन गेले होते. चुना मळताना त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतात म्हटल्यावर निम्म्यांनी चाखून बघितला. (चुना चाखू नका. तोंड पोळतं.) त्यातली एक आता माझ्याकडे उमेदवारी करते.

संग्रहालयात गेलेलं लाकूड निदान दिसतं तरी. पाडलेल्या बहुतेक वाड्यांचं लाकूड भंगारवाल्याकडून जुन्या बाजारात जातं आणि तिथून एखाद्या हॉटेलात. ‘पेशवाई थाळी’च्या मागे जो कोरीव दरवाजा लावलेला असतो ना, तो कोणाच्या तरी देवडीचा असतो.

---

संपादक | २४ एप्रिल

जातीवरून चाललेले पाच प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय वाडा आहे.

---

तळ्याकाठचा | २४ एप्रिल, दुपारी १२:००

तोही वाड्याचाच विषय होता. असो.

---

मणिनगरची_माई | २५ एप्रिल, सकाळी ८:२०

लग्न होऊन अहमदाबादला ३० वर्षं झाली. इथल्या पोळांमध्ये (खायची नव्हे, गल्ल्यांच्या वस्तीला पोळ म्हणतात) अगदी हाच गोंधळ होता: वाटण्या, भाडेकरू, पडकी लाकडी घरं. १९९७ पासून इथे महापालिकेने रोज सकाळी वारसा फेरी सुरू केली. सुरुवातीला लोक कुत्सित हसायचे, आमचे फुटके ओटे बघायला परदेशी लोक येतात म्हणून. मग कोणी ओटा सारवला, कोणी दारावरची पाटी पुसली. २०१७ मध्ये जुन्या शहराला जागतिक वारसा दर्जा मिळाला. घर न पाडणाऱ्याला न वापरलेल्या बांधकामाचे हक्क (टीडीआर) विकायची सोय आहे, त्या पैशातून काहींनी दुरुस्त्या केल्या. सगळं गोड नाही. घरं अजून पडतात, रिकामी घरं गोदामं झालीत. पण ‘काहीच करता येत नाही’ असं नाही. तुमच्याकडेही टीडीआरची तरतूद आहे ना? विचारलंत का कधी?

---

ओसरीकर | २६ एप्रिल, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. काल रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाड्यात गेलो. पुढच्या चौकात १२ खांब. अकरांत टोक गेलं नाही. बारावा मूठभर आत गेला, तोच खांब जिथे पन्हळ फुटलीय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही भाऊबंद कोर्टाच्या आणि वाटणीच्या गप्पा मारत होतो आणि वरून एक पत्र्याची पन्हळ गळत होती. ती बदलायला तेव्हा काही शे रुपये लागले असते. कोणी बदलली नाही, कारण ती अकरा जणांची होती.

खोली नं. ७, तुमचा प्रतिसाद धाकट्या आत्याने दोनदा वाचला. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांना विचारलं. त्याही संडासच म्हणाल्या.

कात्रज नळ, उच्छ्वास नाही, पण मागच्या जोत्याजवळ बुजवलेला हौद आहे. त्यावर काकांची स्कूटर उभी असते.

---

फक्त_वाचक | ११ जुलै, रात्री १०:००

धागा वर काढतोय. पुढे काय झालं?

---

ओसरीकर | ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

उशिराबद्दल माफ करा, पावसाळ्याची धावपळ होती.

मोजणी झाली. आर्किटेक्चरच्या चार विद्यार्थ्यांनी तीन शनिवार घालवून नकाशे काढले, जेवण आत्याकडे. बारावा खांब जॅकवर उचलून खाली दीड फुटाचा सागाचा जोड दिला. मागच्या बाजूला टेकू लावलेत. पुढच्या भिंतीवरचं बाबांचं सिमेंट खरवडून काढतोय, चुन्याचा गिलावा पाऊस संपल्यावर. वरच्या मजल्याला आतून संडास केला, त्याचं पाणी कुठल्याही खांबाजवळून जात नाही ना ते तीनदा तपासलं. वारसा समितीकडे कागद दिलेत, टीडीआरचं विचारलंय, उत्तराची वाट बघतोय.

पैसे ११ पैकी चौघांनी दिले. भाडेकरूंपैकी तिघांनी स्वतःहून दिले, ते मात्र अनपेक्षित होतं. बिल्डर अजून आहेच. २६० मीटरचं कळल्यावर त्याच्या तारखा ढिल्या झाल्या आणि आठातले दोघे म्हणाले, वर्षभर थांबू. म्हणजे आज सहा विरुद्ध पाच. पाचात तो बेपत्ता भाऊही धरलाय, कारण तो सापडला, हुबळीला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, ‘एफएसआय किती मिळतो?’ (म्हणजे जागेवर किती बांधता येतं.) तेव्हा तोही पक्का आपला नाही.

काल रात्री वरच्या आजींचा फोन आला. पन्हळ बदलली ती गळत नाही, आता तिच्या पलीकडची गळतेय. जुन्या कौलांच्या ओळीवर नवीन पन्हळ नीट बसलेली नाही असं वाटतं. उद्या सकाळी शिडी लावतोय. चुनखडी, सांध्याला काय भरू?

---

चुनखडी | ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

काही भरू नका. आधी फोटो टाका, खालून नको, वरून. आणि शिडी धरायला कोणीतरी बरोबर न्या.

---

खोली_नं_७ | ३ ऑगस्ट, रात्री ११:१०

मी येतो. किती वाजता?